रॅचेटला दाते किती हवेत: मोजमाप, निवड आणि अरुंद जागेतील कामाचा क्रम

रॅचेट म्हणजे दांडा एका दिशेने फिरवल्यावर नट फिरवणारा आणि उलट नेताना नट न फिरवता टकटक करत मागे येणारा पाना. तो निवडताना बहुतेक जण आतल्या चक्रावरच्या दात्यांच्या आकड्याकडे पाहतात आणि आकडा जितका मोठा तितके हत्यार चांगले, असे धरून चालतात. पुढे तोच रॅचेट अरुंद जागेत घातला की दांडा मागेपुढे हलत राहतो आणि नट मात्र जागचा हलत नाही. किंवा गंजलेल्या बोल्टवर त्याला पाइप लावून ताण दिला जातो आणि आतले दाते तुटतात. दोन्ही वेळा दोष दात्यांच्या संख्येवर टाकला जातो. प्रत्यक्षात जागा मोजलेली नसते आणि कामाचा क्रम चुकलेला असतो. दात्यांच्या संख्येला महत्त्व आहे, पण ते ठरावीक मर्यादेतच आहे. ती मर्यादा कशी मोजायची आणि मोजल्यावर काम कोणत्या क्रमाने करायचे, हे पुढे टप्प्याटप्प्याने दिले आहे.

तयारी

मोजपट्टी, पेन्सिल, कागदी चिकटपट्टी, बॅटरी, एक व्हाइस आणि त्यात घट्ट धरता येईल असा एक बोल्ट जवळ असावा. कोनमापक असल्यास उत्तम, पण त्याच्यावाचून काम अडत नाही. ज्या सॉकेटने (बोल्टच्या डोक्यावर बसणारी वाटी) आणि ज्या एक्स्टेंशनने (रॅचेट व सॉकेट यांच्यामधला जोडदांडा) प्रत्यक्ष काम करायचे आहे, तीच मोजमापासाठी घ्यावीत. नुसता रॅचेट हातात फिरवून काढलेला निष्कर्ष प्रत्यक्ष जागेवर बहुधा खोटा ठरतो.

पुढच्या सर्व टप्प्यांत तीन गोष्टींचा उल्लेख वारंवार येईल. दोन अडथळ्यांच्या मध्ये दांडा जितका फिरू शकतो, तो *मोकळा कोन*. आतल्या दातेरी चक्रावर खिटी (दात्यांत अडकणारा छोटा तुकडा) एका दात्यावरून पुढच्या दात्यात पडायला जितका कोन लागतो, तो *दात्याचा कोन*. आणि चौकोनी टोक (रॅचेटवर सॉकेट बसवायची जागा), सॉकेट, एक्स्टेंशन व बोल्टचे डोके यांच्या सांध्यांत वाया जाणारी हालचाल, ती *ढिलाई*. आकड्याची जाहिरात फक्त दुसऱ्या गोष्टीबद्दल बोलते.

१. आधी जागा मोजावी

बोल्टवर सॉकेट पूर्ण बसवावे, रॅचेट लावावा आणि दांडा एका अडथळ्याला टेकवून त्याच्या टोकाची जागा चिकटपट्टीवर खुणेने नोंदवावी. मग खटका (फिरण्याची दिशा बदलणारी कळ) अशा बाजूला ठेवावा की दांडा बोल्टला न फिरवता टकटक करत दुसऱ्या अडथळ्यापर्यंत जाईल, आणि तिथे दुसरी खूण करावी. दोन खुणांमधील अंतर मिलिमीटरमध्ये मोजून त्याला ५७.३ ने गुणावे, आणि चौकोनी टोकाच्या मध्यापासून दांड्याच्या टोकापर्यंतच्या लांबीने भागावे. उत्तर अंशांत मिळते. उदाहरणार्थ, दांडा २५० मिमी लांब आहे आणि टोक ५५ मिमी सरकते, तर मोकळा कोन साधारण साडेबारा अंश आहे.

पाढ्यासारखे लक्षात ठेवायचे असेल, तर २५० मिमीच्या दांड्याचे टोक दर अंशाला सुमारे ४.४ मिमी सरकते आणि १५० मिमीच्या दांड्याचे सुमारे २.६ मिमी. अडथळा दांड्याच्या टोकाजवळ असेल, तर आखूड दांडा घेतल्याने मोकळा कोन आपोआप वाढतो. हा उपाय जादा दात्यांपेक्षा कित्येकदा अधिक कामाचा असतो. अर्थात आखूड दांड्याने बोल्टला फिरवणारा जोर कमी मिळतो, त्यामुळे घट्ट बसलेला बोल्ट आधीच सैल केलेला असला पाहिजे.

याच वेळी उभी जागाही मोजावी. रॅचेटच्या डोक्याची जाडी आणि सॉकेटची उंची यांची बेरीज बोल्टच्या डोक्यावरच्या मोकळ्या जागेत मावते का, हे पाहावे. दात्यांचा विचार करताना ही गोष्ट हमखास विसरली जाते आणि १२० स्थानांचा (एका फेऱ्यात १२० ठिकाणी पकड घेणारा) रॅचेट बोल्टपर्यंत पोहोचतच नाही.

*तपासणी:* मोकळा कोन ३० अंशांहून जास्त निघाला, तर त्या कामासाठी दात्यांची संख्या हा विषय संपला. कोणताही चांगल्या स्थितीतला रॅचेट चालेल, आणि टप्पा ४ वर जायला हरकत नाही.

२. दात्याचा कोन काढावा

३६० ला दात्यांच्या संख्येने भागले की दात्याचा कोन मिळतो. २४ दाते असतील तर १५ अंश, ३६ असतील तर १०, ४८ असतील तर साडेसात, ६० असतील तर ६, ७२ असतील तर ५, ९० असतील तर ४ आणि १२० असतील तर ३ अंश. आता हेच २५० मिमीच्या दांड्याच्या टोकाशी पाहावे: २४ दात्यांना सुमारे ६५ मिमी, ३६ दात्यांना ४४ मिमी, ७२ दात्यांना २२ मिमी आणि १२० स्थानांना १३ मिमी हालचाल लागते. ३६ वरून ७२ वर गेल्यास टोकाशी २२ मिमी वाचतात. ७२ वरून १२० वर गेल्यास जेमतेम ९ मिमी. आकडा झपाट्याने वाढतो आणि फायदा मात्र प्रत्येक पायरीला घटत जातो, हे या मापांत स्पष्ट दिसते.

तुलनेसाठी एक गोष्ट ध्यानात असू द्यावी. साध्या बारा कोनी रिंग पान्याला पुढची पकड घेण्यासाठी ३० अंश फिरावे लागते. त्या मानाने जुना २४ दात्यांचा रॅचेटही निम्म्या जागेत काम करतो, म्हणून कमी दात्यांचा रॅचेट निरुपयोगी समजून बाजूला टाकू नये.

*सावधान:* वेष्टनावरचा आकडा नेहमी दात्यांचाच असतो असे नाही. काही रॅचेटमध्ये ६० दात्यांच्या चक्रावर दोन खिट्या अर्ध्या दात्याच्या अंतराने बसवलेल्या असतात आणि त्या आळीपाळीने पकड घेतात; त्यामुळे १२० स्थाने मिळतात, दाते मात्र ६० च असतात. यात फसवणूक नाही, कारण हालचाल खरोखर ३ अंशांची होते. परंतु अशा रचनेत भार एका वेळी एकाच खिटीवर येतो आणि दुसरी खिटी परतीच्या खेपेत जादा ओढ निर्माण करते, हे माहीत असावे. आकड्याची शहानिशा करायची असल्यास चौकोनी टोक व्हाइसमध्ये धरावे, दांडा अर्धा वळसा फिरवून टकटक मोजावी आणि तिची दुप्पट करावी.

३. ढिलाईसह खरा कोन मोजावा

हा टप्पा जवळजवळ सगळे वगळतात, आणि बहुतेक निराशा इथूनच सुरू होते.

व्हाइसमध्ये बोल्ट घट्ट धरून त्यावर सॉकेट, कामात लागणारे एक्स्टेंशन आणि रॅचेट चढवावा. दांडा कामाच्या दिशेने हलक्या दाबाने फिरवून तो भार घेऊन थांबला की पहिली खूण करावी. आता दांडा अगदी सावकाश उलट न्यावा आणि पहिली टक ऐकू येईल त्या जागी दुसरी खूण करावी. या दोन खुणांमधला कोन म्हणजे त्या संपूर्ण जुळणीला लागणारा किमान कोन होय. त्यातून दात्याचा कोन वजा केला की ढिलाई उरते. एकाच मोजणीवर विसंबू नये. चक्र थोडे फिरवून वेगवेगळ्या जागी तीनचार वेळा मोजावे आणि सर्वांत मोठे उत्तर धरावे.

ढिलाई का मोजावी लागते, हे परतीच्या खेपेत काय घडते ते पाहिल्यावर समजते. दांडा उलट नेताना खिटी लगेच दाता ओलांडत नाही. ती प्रथम चक्रालाच मागे ओढते, चक्रासोबत एक्स्टेंशन आणि सॉकेट मागे फिरतात, आणि सॉकेट बोल्टच्या डोक्याला उलट बाजूने टेकले की मग चक्र थांबते व खिटी पुढच्या दात्यात पडते. पुढच्या खेपेत हीच ढिलाई पुन्हा भरून काढावी लागते. म्हणून एका खेपेत बोल्ट किती फिरेल, याचा हिशेब असा मांडावा: मोकळ्या कोनातून ढिलाई वजा करावी आणि उरलेल्या कोनात दात्याचे पूर्ण कोन किती मावतात ते पाहावे. अपूर्ण दाता हिशेबात धरायचा नाही, कारण खिटी अर्ध्या दात्यावर थांबत नाही.

समजा मोकळा कोन साडेबारा अंश आहे आणि ढिलाई ४ अंश आहे, म्हणजे उपयोगाचे साडेआठ अंश उरले. २४ आणि ३६ दात्यांचे रॅचेट इथे पूर्ण निकामी आहेत. त्यांचा दांडा हलेल, बोल्ट हलणार नाही. ४८ दात्यांचा रॅचेट एका खेपेत साडेसात अंश देईल. ६० दात्यांचा ६ अंश आणि ७२ दात्यांचा ५ अंशच देईल. ९० दात्यांच्या रॅचेटमध्ये दोन दाते मावतात, म्हणून तो ८ अंश देईल. आणि १२० स्थानांचा रॅचेट पुन्हा ६ अंशांवर येईल. एका पूर्ण फेऱ्यासाठी ४८ दात्यांना ४८ खेपा, ७२ दात्यांना ७२ खेपा, ९० दात्यांना ४५ खेपा आणि १२० स्थानांना ६० खेपा लागतील. या विशिष्ट जागेत ४८ दात्यांचा रॅचेट १२० स्थानांच्या रॅचेटपेक्षा लवकर काम उरकतो, हे अनेकांना पटत नाही. परंतु गणित तपासून पाहावे.

याचा अर्थ जास्त दाते वाईट असा घेऊ नये. उपयोगाचा कोन ७ अंशांवर आला असता, तर ४८ दात्यांचा रॅचेटही निकामी झाला असता आणि जास्त दात्यांचेच काम चालले असते. जास्त दात्यांमुळे रॅचेट अधिक ठिकाणी *चालतो*. तो प्रत्येक ठिकाणी *वेगाने* चालेल अशी खात्री त्यातून मिळत नाही.

ढिलाई कमी करण्याचे उपाय दाते वाढवण्यापेक्षा आधी करून पाहावेत. दोन आखूड एक्स्टेंशन जोडण्याऐवजी एकच लांब घ्यावे, म्हणजे एक सांधा कमी होतो. युनिव्हर्सल जॉइंट (तिरक्या कोनात फिरू देणारा सांधा) टाळता येत असेल तर टाळावा. बारा कोनीऐवजी सहा कोनी सॉकेट घ्यावे आणि झिजलेले सॉकेट बाजूला काढावे. सर्वांत परिणामकारक उपाय मात्र हाताचा आहे: दांडा परत नेताना दुसऱ्या हाताच्या बोटांनी एक्स्टेंशन किंवा सॉकेटची कड कामाच्या दिशेने हलकेच दाबून धरावी. सॉकेट मागे फिरलेच नाही, तर ढिलाईचा मोठा भाग वाया जात नाही.

*तपासणी:* प्रत्यक्ष जागेवर परतीच्या प्रत्येक खेपेत किमान एक टक स्पष्ट ऐकू आली पाहिजे. टक नाही, तर दांडा ढिलाईतच हलत आहे आणि कितीही वेळ हलवला तरी बोल्ट फिरणार नाही.

४. उलटी ओढ तपासावी

नट सैल झाला की नवी अडचण सुरू होते. दांडा परत नेताना खिटी चक्राला जितक्या जोराने मागे ओढते, त्यापेक्षा नटाचा आट्यांतला विरोध कमी असेल, तर नटही दांड्यासोबत मागे फिरतो. पुढे जितका गेला तितकाच मागे येतो आणि काम जागीच राहते.

तपासण्यासाठी चौकोनी टोक दोन बोटांच्या चिमटीत हलके धरून दांडा परतीच्या दिशेने फिरवावा. चिमटीतून टोक सुटून फिरू लागले, तर ओढ जास्त आहे. दोन रॅचेट शेजारी ठेवून ही तुलना केली की दोघांतला फरक बोटांना चटकन कळतो. बारीक दाते कमी उंचीचे असल्याने खिटीला थोडेच उचलले जावे लागते, त्यामुळे जास्त दात्यांच्या रॅचेटची ओढ पुष्कळदा कमी असते. मात्र हा नियम नाही: स्प्रिंग कडक असेल, खिट्या दोन असतील किंवा डोक्यात घट्ट ग्रीस भरलेले असेल, तर १२० स्थानांचा रॅचेटही नटाला मागे ओढतो. माझ्या मते, दात्यांचा आकडा ७२ च्या पुढे गेला की निवडीचा निकष हीच ओढ असायला हवी, आणि ती वेष्टनावर लिहिलेली नसते.

नट मागे येत असेल तर सॉकेट बोटांनी धरून ठेवावे. तेही शक्य नसेल, तर एवढ्या सैल नटाला रॅचेटची गरज उरलेली नाही. एक्स्टेंशन काढून बोटांनी फिरवावे.

५. ताकदीचा प्रश्न वेगळा ठेवावा

दाते वाढले की प्रत्येक दाता लहान होतो, हे खरे आहे. म्हणून बारीक दात्यांच्या रॅचेटमध्ये खिटीचा पृष्ठभाग रुंद ठेवलेला असतो आणि ती एकाच वेळी अनेक दाते पकडते. खिटीची रुंदी, पोलादाचा प्रकार आणि त्यावरची उष्णताप्रक्रिया यांवर ताकद ठरते; नुसत्या दात्यांच्या संख्येवरून रॅचेट कमजोर किंवा मजबूत म्हणता येत नाही. चौकोनी टोकाच्या हत्यारांच्या दांड्यांसाठी आयएसओ ३३१५ हे मानक आहे. माहितीपत्रकात त्याचा उल्लेख आहे का, हे पाहणे दाते मोजण्यापेक्षा अधिक उपयोगाचे आहे.

तरीही बारीक दात्यांचा एक खरा दुबळेपणा आहे, आणि तो घाणीमुळे उघड होतो. मोठ्या दात्यात कचऱ्याचा कण अडकला तरी खिटीला पकडायला पुरेशी खोली उरते. बारीक दात्यात तोच कण खिटीला टोकावरच अडवून ठेवतो, ती अर्धवट बसते, आणि पूर्ण जोर दिल्यावर निसटते. हात त्या क्षणी जिथे धावतो तिथे बहुधा धातूची कड असते.

जोराचा अंदाज असा बांधावा. २५० मिमी दांड्याच्या टोकाशी ३०० न्यूटन, म्हणजे साधारण ३० किलो वजनाइतका जोर दिला, तर ७५ न्यूटन-मीटर पीळ (बोल्टला फिरवणारा जोर, टॉर्क) बसतो. त्याच दांड्यावर पाइप चढवून लांबी १ मीटर केली, की तेवढ्याच जोरात पीळ ३०० न्यूटन-मीटर होतो. हाताला काहीच वेगळे जाणवत नाही, आणि पाव इंची किंवा ३/८ इंची (चौकोनी टोकाचे माप) रॅचेटची खिटी मात्र चौपट भार सोसत असते.

*सावधान:* रॅचेटवर पाइप चढवू नये आणि त्याच्या दांड्यावर हातोडा मारू नये. दाते २४ असोत की १२०, हा नियम बदलत नाही.

६. सोडवण्याचा क्रम

पहिली गोष्ट, बोल्टचे डोके आणि उघडे आटे तारेच्या ब्रशने साफ करावेत. डोक्याच्या कडांत माती असेल तर सॉकेट वरवर बसते आणि बोल्टचे डोके गोल होते. गंज असल्यास गंज सोडवणारे तेल लावून त्याला आत झिरपू द्यावे. तेल लावून लगेच पाना लावण्यात काही अर्थ नाही.

त्यानंतर घट्टपणा मोडावा, आणि तो ब्रेकर बारने (सॉकेट लावायचा लांब, साधा दांडा) किंवा लांब रिंग पान्याने मोडावा. ब्रेकर बारमध्ये दाते आणि खिटी नसल्याने निसटण्यासारखे काही नसते. बोल्टने पहिला पाव वळसा घेतला की मगच रॅचेट हातात घ्यावा. जागा इतकी अरुंद असेल की ब्रेकर बार मावतच नाही, तर रिंग पाना किंवा फिक्स पाना उलटसुलट लावून पहिला वळसा काढावा. वेळ लागतो, पण बोल्ट शाबूत राहतो.

आता खटक्याची दिशा पाहावी. खटका मधोमध अडकलेला असणे हे निसटण्याचे सर्वांत सामान्य कारण आहे. अरुंद जागेत अंगठा किंवा एखादी वायर त्याला लागून तो नकळत हलतो. खटका एका टोकाला पूर्ण गेला आहे याची बोटाने खात्री करावी, दांडा थोडा मागे नेऊन टक ऐकावी आणि मग हलका जोर देऊन खिटी बसली आहे हे अजमावावे. पूर्ण जोर नेहमी या हलक्या जोरानंतरच द्यावा.

बोल्ट बाहेर येऊ लागण्यापूर्वी आणखी एक मोजमाप राहते. बोल्ट जितका बाहेर येईल तितका रॅचेटही मागे सरकेल. डोक्यामागची मोकळी जागा बोल्टच्या आट्यांच्या लांबीपेक्षा कमी असेल, तर काही फेऱ्यांनंतर रॅचेट बोल्ट आणि मागचा अडथळा यांच्या मध्ये अडकतो. खटका असलेला रॅचेट निदान दिशा बदलून बोल्ट पुन्हा आत घालू शकतो, तोही खटक्यापर्यंत बोट पोहोचले तरच. रॅचेट असलेला, पण खटका नसलेला रिंग पाना मात्र अशा वेळी पुरता फसतो: पुढे फिरवावा तर जागा नाही, मागे फिरवावा तर तो नुसता टकटक करतो, आणि बोल्टवरून उचलून काढण्याइतकी फटही उरलेली नसते. अशा ठिकाणी बोल्ट थोडासा बाहेर येताच रॅचेट काढून घ्यावा आणि उरलेले फेरे बोटांनी किंवा साध्या फिक्स पान्याने काढावेत.

*तपासणी:* दर काही फेऱ्यांनी थांबून रॅचेट सरळ मागे ओढून पाहावा. तो बोल्टवरून निघत असेल तरच पुढे जावे.

७. घट्ट करण्याचा क्रम

घट्ट करताना रॅचेटने सुरुवात करणे ही मोठी चूक आहे. रॅचेटच्या दांड्यामुळे आटे तिरके बसल्याचा विरोध हाताला कळत नाही, आणि दाते बारीक असले की तो आणखी कमी कळतो, कारण प्रत्येक खेप इतकी छोटी असते की विरोध वाढतो आहे हे लक्षातच येत नाही. बोल्ट बोटांनी बसवावा. आधी थोडा उलटा फिरवावा. आट्याचे टोक खाचेत पडल्याची हलकी टक जाणवली की सुलटा फिरवावा आणि किमान दोन-तीन फेरे बोटांनीच द्यावेत. बोट पोहोचत नसेल तर सॉकेट आणि एक्स्टेंशन हातात धरून फिरवावे, दांडा लावू नये.

पुढचे फेरे रॅचेटने द्यावेत. एकाच भागावर अनेक बोल्ट असतील तर सर्व आधी हलके टेकवावेत आणि मग समोरासमोरच्या जोड्यांनी कसावेत.

शेवटचा पीळ टॉर्क रेंचने (पीळ मोजून देणारा पाना) द्यायचा असेल, तर त्याचाही मोकळा कोन आधी पाहावा. टॉर्क रेंचमध्येही रॅचेट असतो, त्याचे दाते हातातल्या रॅचेटइतके बारीक असतीलच असे नाही, आणि त्याचा दांडा लांब असतो. टॉर्क रेंचला बोल्ट प्रत्यक्ष फिरत असतानाच माप नीट कळते. ढिलाईतच दांडा अडथळ्याला टेकला तर मिळणारे माप निरर्थक ठरते. सरळ एक्स्टेंशन लावल्याने पीळ बदलत नाही, पण तिरका युनिव्हर्सल जॉइंट लावल्यास बदलतो.

८. मग निवड करावी

मोजमापे हातात आल्यावर निवड फारशी अवघड राहत नाही. मोकळा कोन बहुतेक कामांत ३० अंशांपेक्षा जास्त असेल, तर असलेला रॅचेट साफ करून वापरावा. नेहमीच्या कामासाठी एकच घ्यायचा असेल, तर ७२ दाते पुरेसे आहेत. यंत्राच्या आत, नळ्यांच्या मागे वारंवार काम पडत असेल, तर पाव इंची किंवा ३/८ इंची रॅचेटमध्ये ९० किंवा त्याहून जास्त दाते घेणे रास्त आहे. अर्धा इंची रॅचेट जड कामासाठी असतो आणि त्याचा दांडा लांब असतो. तिथे ३६ ते ७२ मध्ये काहीही चालते.

दोन रॅचेटच्या दात्यांत थोडाच फरक असेल, तर लहान डोक्याचा निवडावा. डोके पातळ असेल तर रॅचेट जागेत शिरतो. दाते किती, हा प्रश्न शिरल्यानंतरचा आहे. वाकणाऱ्या मानेचा रॅचेट अडथळ्याच्या वरून दांडा नेऊ देतो आणि त्यामुळे मोकळा कोनच वाढतो, मात्र मान वाकलेली असताना मोठा जोर देऊ नये.

९. साफसफाई आणि पुन्हा तपासणी

रॅचेटचे डोके उघडण्याआधी ते कड असलेल्या ताटलीत ठेवावे, कारण खिटीमागची स्प्रिंग आणि बारीक गोळी उडून जाते आणि सापडत नाही. झाकणाचे स्क्रू किंवा लॉकची रिंग काढल्यावर काहीही हलवण्यापूर्वी भागांचा फोटो काढावा. खिटी उलटी बसली तर रॅचेट एकाच दिशेने चालतो किंवा चालतच नाही. केरोसीनने भाग धुवावेत, दात्यांच्या तळाची घाण जुन्या टूथब्रशने काढावी आणि भाग पूर्ण सुकू द्यावेत. खिटीचे दाते उजेडात धरून पाहावेत. टोके गोल झालेली किंवा कडा तुटलेल्या दिसल्या तर खिटी आणि चक्र दोन्ही एकत्र बदलावेत.

पुन्हा जुळवताना पातळ तेलाचे काही थेंब किंवा अगदी पातळ ग्रीसचा थर पुरतो. बेअरिंगचे घट्ट ग्रीस भरू नये: त्यामुळे टकटक गोड आणि मऊ वाटते खरी, पण खिटी सावकाश बसते, उलटी ओढ वाढते, आणि बारीक दाते ग्रीसने भरून पकड उथळ होते. जुळणी झाल्यावर टप्पा ३ मधली व्हाइसची चाचणी दोन्ही दिशांनी करावी. हलका जोर, मग मध्यम जोर देऊन चक्राच्या पूर्ण फेऱ्यात कुठेही खिटी घसरत नाही याची खात्री झाल्यावरच रॅचेट कामाला घ्यावा.